अहवालातली आई

गेल्या वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या महिला संघटनांची संयुक्त बैठक होती. आदल्याच आठवड्यात एका शाळकरी मुलीवर अत्याचार झाला होता आणि पकडलेल्यांपैकी दोघं अठराच्या आतले होते. बैठकीत ठरावाचा मसुदा वाचला गेला. त्यात एक वाक्य होतं, ‘अल्पवयीन असल्याचा कोणताही फायदा आरोपींना मिळू नये, त्यांनाही फाशीचीच शिक्षा व्हावी.’ वाचणारी माझी तीस वर्षांची मैत्रीण. तिचा आवाज कापत होता. ती त्या मुलीला दवाखान्यात भेटून आली होती. सगळे हात वर झाले. माझा झाला नाही. शेजारी बसलेल्या तरुण कार्यकर्तीनं दबक्या आवाजात विचारलं, “ताई, तुम्ही विरोधात?” मी म्हटलं, “ते सांगायला पाच मिनिटं पुरायची नाहीत. लिहून देते.”

ते हे लिखाण. उशीर झाला, कारण यातलं काही लिहिणं मला जड गेलं.

मी नोकरीची बहुतेक वर्षं परिविक्षा अधिकारी म्हणून काढली आणि शेवटची काही वर्षं जिल्ह्याचा परिविक्षा विभाग सांभाळला. म्हणजे मंडळासमोर येणाऱ्या मुलांचे अहवाल तयार करून घेणं, सोडलेल्या मुलांवर देखरेख ठेवणं, आणि हे करणाऱ्या माणसांना नेमून देणं, समजावणं, कधी रागावणं, कधी त्यांच्या प्रवासभत्त्याच्या बिलासाठी वरच्या टेबलाशी भांडणं. हे काम काय असतं हे आपल्या चळवळीतल्या बायकांनाही फारसं ठाऊक नसतं, असा माझा अनुभव आहे. पोलीस ठाणं आपल्याला माहीत आहे, कौटुंबिक न्यायालय माहीत आहे, संरक्षण अधिकारी माहीत आहे. निरीक्षणगृहाचं, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘रिमांड होम’चं, फाटक मात्र आपण क्वचितच ओलांडतो.

कागदावरचं काम

कायदा असा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आला, तर त्याला नेहमीच्या न्यायालयात न नेता बाल न्याय मंडळापुढे आणायचं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत एक तरी बाई असलीच पाहिजे. मुलगा मंडळापुढे आला की परिविक्षा अधिकाऱ्यानं त्याच्या घरी, वस्तीत, शाळेत जाऊन सामाजिक तपासणी अहवाल तयार करायचा आणि पहिल्या हजेरीपासून पंधरा दिवसांत द्यायचा. शेवटी आरोप खरा ठरला, तर मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, सामुदायिक सेवा लावू शकतं, पालकांकडून दंड घेऊ शकतं, सद्वर्तनाच्या हमीवर आईबापाच्या किंवा दुसऱ्या योग्य व्यक्तीच्या ताब्यात जास्तीत जास्त तीन वर्षं देखरेखीखाली ठेवू शकतं, नाहीतर विशेषगृहात पाठवू शकतं. संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, असं २०१५ च्या कायद्याच्या तत्त्वांतच लिहिलं आहे.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबई प्रांताचा बालकांचा कायदा १९२४ सालचा. त्यानंतर १९८६ चा देशभराचा कायदा आला, मग २००० चा, मग २०१५ चा. शब्द बदलत गेले. ‘बालगुन्हेगार’ गेला, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आला. शब्द जड आहे, पण त्यामागचा हेतू चांगला आहे. मुलाच्या कपाळावर शिक्का मारू नये, एवढंच त्याला सांगायचं आहे.

पण शिक्का मारण्याचं काम शेवटी अहवालच करतो. मंडळापुढे मुलगा दहा मिनिटं उभा असतो. त्याचं घर, त्याची गल्ली, त्याची आई मंडळाला दिसत नाही, दिसतो तो अहवाल. जामीन द्यायचा की नाही, घरी पाठवायचा की गृहात, हे बऱ्याच अंशी त्या चार पानांवर ठरतं. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याला प्रौढ म्हणून चालवायचं का, हे ठरवतानाही ही पानं समोर असतात. म्हणून हा कागद कोण लिहितं, कधी लिहितं आणि कोणाच्या नजरेनं लिहितं, हा प्रश्न मला आपला वाटतो.

एक ओळ

विभागाची जबाबदारी येण्याच्या आधीची गोष्ट. चौदा वर्षांचा एक मुलगा शेतातल्या पंपाची केबल चोरताना दोन मोठ्या माणसांबरोबर पकडला गेला होता. आई उसाच्या फडावर जायची, हंगाम नसेल तेव्हा बांधकामावर. मी दुपारी बाराच्या एसटीनं त्यांच्या वस्तीवर गेले, चारच्या एसटीनं परत आले. अर्थात आई घरी नव्हती. शेजारणीशी बोलले, शाळेत जाऊन आले, रात्री अहवाल लिहिला. त्यात एक ओळ होती : ‘आई दिवसभर घराबाहेर असल्याने मुलावर नियंत्रण नाही.’

तेव्हा हातात अठरा प्रकरणं होती. ही ओळ मी त्याआधी किती अहवालांत लिहिली असेल, मोजलेलं नाही. ती हाताला सवयीची झाली होती.

कायद्यानुसार मुलाला जामीन मिळणं हा नियम आहे आणि नाकारणं हा अपवाद. नाकारायचा असेल, तर सोडल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका पोचेल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असं मानायला कारण लागतं. मंडळाला कारण माझ्या ओळीत मिळालं. घरी नियंत्रण नाही, म्हणजे नैतिक धोका. मुलगा पावणेतीन महिने निरीक्षणगृहात राहिला.

दुसऱ्या तारखेला आई बाहेरच्या बाकावर बसली होती. मजुरी बुडवून आली होती. मला म्हणाली, “बाई, त्या कागदात माझं काय लिवलंय ते वाचून दावा.” मी वाचलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दिसभर भाईर नसते तर ह्याला खायाला काय घातलं असतं?” आणि मग, “आन् ह्याचा बाप? त्याचं काय लिवलंच न्हाई व्हय?”

बापाचं खरंच काही लिहिलं नव्हतं. तो घरी होता. मी गेले तेव्हा बाहेर खाटेवर झोपला होता. मी त्याला उठवलंसुद्धा नव्हतं. घर म्हटलं की आई, मूल बिघडलं की आई, हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि तरी पाठ होतं. त्या वर्षी मी आठ मार्चच्या मोर्चात होते. ‘बाईच्या कष्टाला मोल द्या’ असा फलक माझ्या हातात होता. त्याच हातानं मी एका बाईच्या कष्टाचं रूपांतर तिच्या मुलाच्या कैदेत केलं होतं.

मुलगा सुटला तेव्हा शाळेतून नाव निघालं होतं. गृहात तो व्हाइटनर हुंगायला शिकला होता. आधी हुंगत नव्हता.

विभाग चालवायचा म्हणजे

पुढे जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मी फार मोठं काही केलं नाही. मंजूर पदांपैकी निम्मी रिकामी, गाडी नाही, दोघींना एक टेबल, अशा ठिकाणी मोठं काय करणार? तीनचार लहान गोष्टी केल्या. त्या इथं नोंदवते, कारण त्यांना वरून कुठलाही आदेश लागत नाही.

पहिली म्हणजे, अहवाल मंडळाला देण्याआधी आईबापाला वाचून दाखवायचा. सुरुवातीला सहकारी वैतागल्या. “मॅडम, पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा की पारायण करायचं?” पण वाचून दाखवायचं आहे म्हटल्यावर लिहिणाऱ्याचा हात आपोआप सावध होतो. ‘वस्ती गुन्हेगारी वृत्तीची’ हे त्या वस्तीतल्या माणसाच्या तोंडावर म्हणता येत नाही. पारधी समाजातल्या मुलाचा अहवाल लिहिताना ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ या रकान्यात जातीचं नाव लिहिलं की पुढचं वाचणाऱ्याच्या मनात आपोआप भरतं. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, तो १९५२ साली रद्द झाला. रकान्यातून तो अजून गेलेला नाही.

दुसरी, ‘आई’ विषयी जे वाक्य लिहिलं, तेच ‘वडील’ विषयी लिहिल्याशिवाय अहवाल पुढे जाणार नाही. वडील कमावतात का, किती वेळ घरी असतात, दारू पितात का, मारतात का, मुलाशी शेवटचं नीट कधी बोलले? कित्येक अहवालांत मुलापेक्षा बापाचीच तपासणी जास्त झाली, आणि त्यातून मुलाचं बरंच कळलं. बाप आईला मारताना मधे पडलेली, आणि त्यानंतर घराबाहेरच राहू लागलेली मुलं आमच्याकडे थोडीथोडकी नव्हती. हिंसाचाराच्या ज्या घरांचे अर्ज आपल्या सल्ला केंद्रांत येतात, त्याच घरांतले मुलगे मंडळापुढे येतात. फाईल दोन, घर एक.

तिसरी, घरभेट संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी. यासाठी भांडावं लागलं. कार्यालयाची वेळ संपल्यावरच्या दौऱ्याचा भत्ता कोण देणार? आणि बाई अधिकाऱ्यानं अंधारात वस्तीवर एकटीनं जायचं कसं? हा दुसरा प्रश्न खरा होता. दोघींनी मिळून जायचं ठरवलं, त्यामुळे भेटींची संख्या निम्मी झाली आणि मासिक तक्त्यात विभाग मागे पडला. त्याबद्दल मला खुलासा विचारला गेला. मी दिला. भेटी कमी झाल्या पण घरात माणूस भेटू लागला, असं लिहिलं. उत्तर आलं नाही.

चौथी, तारखेची वेळ. मंडळापुढची तारीख म्हणजे आईचा एक रोज बुडतो. सकाळी अकराला बोलावतात आणि नाव पुकारतात साडेतीनला. आम्ही मंडळाला विनंती केली की लांबच्या गावच्या बायकांची प्रकरणं आधी घ्यावीत, म्हणजे त्यांना परतीची गाडी मिळेल. मंडळानं ऐकलं. एवढ्या साध्या गोष्टीनं तारखेला न येणाऱ्या पालकांची संख्या कमी झाली. त्याआधी ‘पालक बेफिकीर’ असा शेरा आम्हीच मारत होतो.

देखरेखीविषयीही एक बोलते. मुलाला ‘पालकांच्या देखरेखीखाली’ सोडतात, म्हणजे प्रत्यक्षात आईच्या. हमीपत्रावर सही बापाची असते, पण महिन्याच्या महिन्याला हजेरीला मुलाला घेऊन येते आई. मुलगा पुन्हा चुकला की जाब आईला. शासन सुधारगृहावरचा खर्च वाचवतं आणि ते काम एका बाईच्या अंगावर बिनमोबदला टाकतं. मी देखरेखीवर सोडण्याच्या बाजूची आहे, आग्रहानं आहे. पण सोडलेल्या मुलाच्या आईला आधार कोणता, हे आदेशात कुठेच नसतं.

शेजारचं दार

आता जे लिहायला जड गेलं ते.

पंधरा वर्षांच्या एका मुलानं शेजारच्या लहान मुलीशी वाईट वर्तन केलं. तपशील देत नाही. अहवाल मी स्वतः तपासला. चांगला अहवाल होता. आईवर ठपका नव्हता, बापाची चौकशी होती, मुलाची शाळा, त्याला झालेली मारहाण, सगळं होतं. मंडळानं त्याला समुपदेशन आणि दोन वर्षं घरी देखरेख, असा आदेश दिला. मुलगा नियमित हजेरीला यायचा. दहावी पास झाला. आमच्या नोंदवहीत प्रकरणापुढे ‘समाधानकारक’ असा शेरा लागला.

वर्षभरानं मी सहज सहकारी बाईंबरोबर त्या घरी गेले. निघताना शेजारच्या घराचं दार बंद दिसलं. मी विचारलं. मुलाची आई खाली बघून म्हणाली, “ती पोरगी मावशीकडं धाडली त्यांनी. इथं ती घराबाहेरच पडत नव्हती.” शाळा? सुटली होती.

मुलगा घरी राहावा म्हणून आम्ही झटलो, आणि त्यासाठी मुलीला घर सोडावं लागलं. मुलगा वाचला. त्याची किंमत कोणी भरली, ते आमच्या एकाही रकान्यात मावत नव्हतं, कारण तिच्यासाठी रकानाच नव्हता. अहवालासाठी आम्ही त्याच्या शिक्षकांना भेटलो, किराणा दुकानदाराला भेटलो. मधे फक्त एक भिंत होती, ती ओलांडून मुलीच्या घरी गेलो नाही. आमच्या मनात होतं, ती बालकल्याण समितीची बाब आहे, तिची फाईल वेगळी.

कायद्यानं आम्हाला अडवलं होतं का? नाही. आईबापाशिवाय दुसऱ्या योग्य व्यक्तीकडे मुलाला ठेवता येतं, अशी तरतूद आहे. त्याचा मामा दुसऱ्या तालुक्याला होता, तयारही झाला असता. विचारायचं आम्हाला सुचलं नाही, कारण ती मुलगी रोज त्याच नळावर पाण्याला येते हे आम्ही डोळ्यांसमोर आणलंच नाही.

त्यानंतर विभागात एक नियम केला. ज्या प्रकरणात मुलीला इजा झाली आहे, त्यात दुसऱ्या अधिकारी बाईनं, मुलीच्या आणि तिच्या घरच्यांच्या संमतीनं, तिच्याकडे जायचं. मुलाचं काय करावं हे तिला विचारायचं नाही, ते ओझं तिच्यावर नको. तिला काय हवं ते विचारायचं. शाळेचा रस्ता कोणता, तो कुठे दिसता कामा नये, कोणाची सोबत हवी. आणि ते आदेशाच्या अटींत यावं म्हणून मंडळापुढे मांडायचं. मुलाच्या समुपदेशनातही ‘पुन्हा असं करू नकोस’ एवढ्यावर न थांबता त्यानं त्या मुलीचं काय केलं, हे त्याला समजेपर्यंत बोलायचं. हे अवघड काम आहे आणि ते नेहमी जमलं असं मी म्हणणार नाही.

त्या मुलीची शाळा पुन्हा सुरू झाली का, ते मला कळलं नाही.

मुली मंडळापुढे येतात तेव्हा

मंडळापुढे येणारे बहुतेक मुलगे असतात, मुली थोड्या. पण मुलींना बंद ठेवण्याचे रस्ते वेगळे असतात. १९८६ च्या कायद्यात ‘अनावर’ मुलांसाठी कलम होतं. आईबापांनी तक्रार करायची की मूल आम्हाला आवरत नाही, आणि चौकशीनंतर ते संस्थेत जाऊ शकायचं. वेश्यावस्तीत किंवा वेश्येबरोबर राहणारं मूल त्या कायद्यानुसार ‘उपेक्षित’ ठरायचं, आईचं त्याच्यावर कितीही प्रेम असलं तरी. कलमं गेली. वृत्ती गेली का?

सोळासतरा वर्षांची दोघं पळून जातात. मुलीचा बाप फिर्याद देतो. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठराखालच्या मुलीची संमती ग्राह्य नाही. मग मुलगा निरीक्षणगृहात आणि मुलगी बालगृहात. मुलगी म्हणते, मला घरी जायचं नाही, बाप मारून टाकेल. किंवा म्हणते, मी स्वखुशीनं गेले. तिचं म्हणणं नोंदवलं जातं आणि फाईल पुढे सरकते. आपल्यापैकी अनेक संघटनांनी २०१३ साली, संमतीचं वय सोळाच राहावं असं म्हटलं होतं. ते का म्हटलं होतं, हे निरीक्षणगृहाच्या आवारात एक दुपार काढली की कळतं. विशेषतः जेव्हा मुलगा खालच्या मानलेल्या जातीचा आणि मुलगी वरच्या, तेव्हा तो कायदा मुलीचं रक्षण करतो की घराण्याच्या अब्रूचं, हे ओळखायला फार शिकावं लागत नाही.

शिक्षा आणि आपलं नाव

आता ठरावाकडे येते.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडलं, त्यातला एक आरोपी अठराचा व्हायला काही महिने बाकी होते. देश हादरला. जानेवारी २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीनं अहवाल दिला. बलात्काराच्या कायद्यात इतके बदल सुचवणाऱ्या त्याच समितीनं बालकाचं वय अठरावरून सोळावर आणू नये असंही म्हटलं. आपल्याला समितीचा पहिला भाग पाठ आहे, दुसरा आपण विसरलो. डिसेंबर २०१५ मध्ये संसदेनं नवा कायदा केला आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलांना अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढांप्रमाणे चालवण्याचा दरवाजा उघडला. स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या नावानं तो उघडला गेला. आमच्या ठरावातली फाशी मात्र या कायद्यातही नाही. बालकाला फाशी, किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप, देता येत नाही.

या दरवाजातून आत जाणारी मुलं कोणाची असतात? मे २०२४ मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव महागड्या गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. काही तासांत जामीन, आणि अटींत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. लोक संतापले, ते रास्तच होतं. पण त्या संतापात बाल न्याय मंडळ म्हणजेच काहीतरी लबाडी, असा समज पसरला. मला तेव्हा माझा केबलवाला मुलगा आठवत होता. त्याला निबंध लिहायला कोणी सांगितलं नाही. खरं दुखणं हे की जो कायदा सगळ्या मुलांसाठी सौम्य आहे, तो व्यवहारात पैसेवाल्यासाठी चपळ आणि गरिबासाठी आंधळा होतो. त्यावर उपाय म्हणून कायदा कठोर केला, तर पैसेवाला त्यातूनही वाट काढेल आणि आत राहील तो फडावरचा मुलगा.

आपली चळवळ १९८० साली मथुरा प्रकरणावरून रस्त्यावर उतरली. तेव्हा आपण काय शिकलो होतो? कोठडी ही सुरक्षित जागा नाही. राज्यसंस्थेच्या ताब्यात देह दिला की काय होऊ शकतं, हे आपल्याला कोणी नव्यानं सांगायला नको. मग पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मोठ्या गुन्हेगारांच्या सहवासात वर्षानुवर्षं ठेवला की तो बायकांशी चांगला वागायला शिकून बाहेर येईल, असं आपण कशाच्या भरवशावर मानतो? तो बाहेर येणारच आहे. आपल्याच गल्लीत येणार आहे.

“म्हणजे तू त्यांना सोडून द्यायचं म्हणतेस?” असं माझी मैत्रीण मला नंतर म्हणाली. नाही. शेजारच्या बंद दारापुढे मी उभी राहिलेली आहे, ते मला विसरता येत नाही. समज देऊन सोडणं आणि जबाबदारीत बांधून ठेवणं यांत फरक आहे. पहिलं स्वस्त आहे. दुसऱ्याला माणसं लागतात, वेळ लागतो, पैसा लागतो, आणि मुलीचं म्हणणं ऐकणारं कोणीतरी लागतं. ते दुसरं आपण कधी मागितलंच नाही. आपण कठोर शिक्षा मागितली, सरकारनं ती आनंदानं दिली, कारण कागदावर शिक्षा वाढवायला पैसे पडत नाहीत.

मागायचं काय

२००९ साली एकात्मिक बाल संरक्षण योजना आली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत बाल संरक्षण कक्ष उघडले. आता त्या योजनेचं नाव ‘मिशन वात्सल्य’. तिथल्या विधी तथा परिविक्षा अधिकाऱ्याचं पद कंत्राटी असतं. माझ्या विभागात कंत्राटी कामाला बहुतेक तरुण मुलीच होत्या, समाजकार्याची पदवी घेतलेल्या. मानधन महिनोन्‌महिने लांबायचं. एका मुलावर तीन वर्षं देखरेख करायची आणि करणारीची नेमणूक अकरा महिन्यांची! मुलगा विचारतो, “मागच्या ताई कुठं गेल्या?” त्याच्या आयुष्यातलं हे किती‌वं सुटणं असतं कोण जाणे. या मुलींच्या नोकरीचा प्रश्न हा आपल्या कामगार स्त्रियांच्या प्रश्नांत का येत नाही?

दुसरं, स्थानिक स्वराज्य संस्था. २०११ पासून महाराष्ट्रात या संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. जिल्हा परिषदेत, महापालिकेत महिला व बालकल्याण समिती असते. पण परिविक्षेचं काम राज्याच्या खात्याकडे, म्हणून समितीच्या बैठकीत हा विषय निघत नाही. शिलाई यंत्रं आणि सायकली वाटण्यात वर्ष संपतं. मंडळ मुलाला सामुदायिक सेवा लावतं, तेव्हा ती करायला बाग, वाचनालय, दवाखाना लागतो, आणि ते नगरपालिकेच्या ताब्यात. शाळेतून काढलेल्या मुलाला परत घ्यायचं, तर शाळा जिल्हा परिषदेची. गावात बाल संरक्षण समिती असते, बहुतेक ठिकाणी कागदावर. आपण निवडून आणलेल्या, शिबिरांतून तयार झालेल्या किती सदस्या आहेत! त्यांना हा विषय आपण कधी दिला?

म्हणून ठरावात त्या वाक्याऐवजी मी हे सुचवते. जिल्ह्यातली परिविक्षा अधिकाऱ्यांची रिकामी पदं कायमस्वरूपी भरा. तारखेला येणाऱ्या पालकाला प्रवासखर्च आणि बुडालेला रोज द्या. इजा झालेल्या मुलीच्या शाळेची आणि सुरक्षिततेची व्यवस्था मुलाच्या आदेशातच लिहा. प्रत्येक अहवालात बापाचा रकाना भरलेला असू द्या.

फाशीच्या ठरावापुढे हे फारच फिकं दिसतं, मला कळतं. याची घोषणा होत नाही.

एक मात्र तुम्हा सगळ्यांना करता येईल. आपल्या जिल्ह्यात बाल न्याय मंडळ कोणत्या वारी बसतं ते शोधून काढा. आत जायला परवानगी लागेल आणि मुलांची नावं बाहेर न येणं योग्यच आहे, पण बाहेरचा बाक कोणाच्या मालकीचा नाही. तिथं सकाळपासून बायका बसलेल्या असतात. त्यांच्याजवळ जाऊन बसा, पाणी विचारा, आणि त्यांच्याविषयी कागदात काय लिहिलंय ते त्यांना कोणी वाचून दाखवलंय का, एवढं विचारा.

काय उत्तर मिळालं ते अंकाकडे जरूर कळवा.